पहिली नोकरी कशी शोधायची: फोन लावणाऱ्या बाईकडून

सकाळी साडेदहा ते दीड या वेळात मी साधारण साठ फोन लावते. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका प्लेसमेंट कन्सल्टन्सीत मी बारा वर्षं कॉलिंगला आहे. ‘महापे, बॅक ऑफिस, आठ मुलं, ग्रॅज्युएट, फ्रेशर चालतील’ अशी कंपनीची मागणी आली की मी शीट उघडते आणि एकेका नावाला फोन लावत सुटते. साठातले वीस-पंचवीस जण उचलतच नाहीत. पाच-सहा नंबर बंद लागतात. एक-दोघांच्या आया उचलतात आणि ‘झोपलाय तो, नंतर करा’ म्हणतात. मी नंतर करत नाही. संध्याकाळपर्यंत आठ जागांसाठी चोवीस नावं इंटरव्ह्यूसाठी लाइन-अप करून पाठवायची असतात आणि शीटमध्ये खाली दोनशे जण बाकी असतात.

हे लिहायला बसले ते भाच्यामुळे. ताईचा मुलगा, कळव्याला राहतो, २०२५ ला बीकॉम झाला. संक्रांतीला ताईकडे गेले तर हा सोफ्यावर मोबाइल घेऊन आडवा. म्हणाला, ‘मावशी, साडेतीनशे ठिकाणी अप्लाय केलं. एकाचाही रिप्लाय नाही.’ आतून भाऊजी म्हणाले, ‘आजकालच्या पोरांना काम नकोच असतं.’ मी त्याचा मोबाइल मागून घेतला. नोकरीच्या पोर्टलवर त्याने टाकलेला नंबर बारावीतल्या सिमचा होता. रिचार्ज न केल्यामुळे ते सिम कधीच बंद पडलं होतं.

सगळ्यांचं दुखणं इतकं सोपं नसतं, ठाऊक आहे मला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या सहभागाने निघालेल्या २०२४ च्या भारत रोजगार अहवालात आहे की २०२२ साली पदवीधर तरुणांतली बेकारी २९.१ टक्के होती, आणि ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा तरुणांतली ३.४ टक्के. म्हणजे शिकलेल्याचीच जास्त अडचण. भाऊजींना हे आकडे सांगितले तर त्यांनी टीव्हीचा चॅनल बदलला. असो. बाजार मला बदलता येत नाही. टेबलाच्या या बाजूने जे दिसतं ते सांगते.

आधी सापडा तरी

फ्रेशरला वाटतं आपल्याला नाकारलं. बहुतेक वेळा त्याचा बायोडेटा कुणी उघडलेलाही नसतो. पोर्टलवर मी ‘बीकॉम, फ्रेशर, ठाणे-नवी मुंबई’ असं शोधलं की नावांचा डोंगर येतो. मग मी एक खूण करते: गेल्या सात दिवसांत जे लॉग-इन झालेत तेवढेच दाखव. डोंगराची टेकडी होते. जो मुलगा जूनमध्ये प्रोफाइल बनवून वाट बघत बसलाय तो ऑक्टोबरात मला दिसतच नाही. म्हणून दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी दहाच्या आत लॉग-इन व्हा आणि प्रोफाइलमध्ये काहीतरी बदला. एखादी ओळ, एखादं स्किल, काहीही.

नंबर दोन द्या. दुसरा आईचा किंवा बाबांचा, पण त्यांना तशी कल्पना देऊन. अनोळखी नंबर उचला. स्पॅमचा वैताग मलाही आहे, पण १४० ने सुरू होणारे नंबर टेलिमार्केटिंगचे असतात, ते खुशाल कापा. आमच्यासारखे लोक साध्या मोबाइलवरूनच फोन करतात. गाडीत असाल तर ‘मॅडम, लोकलमध्ये आहे, वीस मिनिटांनी करतो’ म्हणा आणि वीस मिनिटांनी खरंच करा. असा मुलगा मला नावानिशी लक्षात राहतो, कारण महिन्यातून असे दोन भेटले तरी खूप.

बायोडेटा एका पानाचा. नाव, नंबर, शिक्षण, टक्के किंवा सीजीपीआय, पासिंगचं वर्ष, काय काय येतं, कधीपासून येऊ शकता, आणि जवळचं रेल्वे स्टेशन. हे शेवटचं कुणीच लिहीत नाही. पत्त्यात नुसतं ‘ठाणे’ असतं. ठाणे म्हणजे स्टेशनजवळची कोपरीही आणि घोडबंदरच्या टोकाचं गायमुखही. महाप्याच्या कंपनीला सकाळी सातची शिफ्ट भरायची असते. कोपरीचा मुलगा तिला डोळे झाकून चालतो. घोडबंदरच्या टोकाचा मुलगा पहिल्या पावसात गळतो हे तिने पाहिलेलं असतं. तुम्ही टोकाला राहत असाल तर एकदा त्या वेळेला जाऊन या आणि ‘मॅडम, मी जाऊन बघितलं, सव्वा तास लागतो, जमेल’ असं सांगा. हे ऐकल्यावर मी दूरचा मुलगाही पाठवते.

वडिलांचं नाव, धर्म, ‘हॉबी: लिसनिंग टू म्युझिक’ आणि सगळ्यात खाली ‘वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे’ ही आजोबांच्या काळातली ओळ, एवढं काढलं की एक पान पुरतं. एटीकेटी लागली असेल तर लपवू नका. ‘सेमिस्टर पाचचा एक विषय बाकी’ असं सरळ लिहा. जॉइन झाल्यावर कागदपत्रांची पडताळणी होते, त्यात ते निघतंच, आणि मग हातात आलेली नोकरीही जाते. फाइलला स्वतःचं नाव द्या. माझ्याकडे रोज तीस ‘न्यू रेझ्युमे फायनल’ येतात.

गाडी कुठे जाते ते बघा

‘प्रेफर्ड लोकेशन’ विचारलं की पोरं ‘एनीव्हेअर इन मुंबई’ टाकतात आणि अंधेरीहून फोन आला की ‘लांब पडतं’ म्हणतात. त्यापेक्षा आधी आपल्या दारातल्या गाडीने काय काय येतं ते पाहा.

ठाण्याच्या नऊ-दहा नंबरवरून ट्रान्स-हार्बर सुटते. ऐरोलीला आयटी पार्क स्टेशनला लागूनच आहे. तिथून रबाळे, घणसोली, महापे हा सगळा पट्टा बँका, विमा आणि टेलिकॉमच्या बॅक ऑफिसांचा. फ्रेशर सगळ्यात जास्त इथे लागतात. व्हॉइस प्रोसेसला बोलायला लागतं, नॉन-व्हॉइसला टायपिंग आणि थंड डोकं. रात्रपाळी असेल तर गाडी नेमकी कुठे सोडते ते आधीच विचारा. ‘पिक-अप ड्रॉप आहे’ याचा अर्थ कधीकधी रात्री दोन वाजता हायवेवर उतरवणं असाही निघतो. कळव्याच्या पोरांची वेगळीच रड: ऐरोली हाकेच्या अंतरावर, पण गाडी पकडायला उलटं ठाण्याला जायचं. जानेवारी २०२४ मध्ये दिघा गाव स्टेशन सुरू झालं तेव्हापासून विटावा-दिघ्याकडच्यांचं जरा सुसह्य झालंय.

तुर्भ्याला एपीएमसी. कांदा-बटाटा, फळं, भाजी, मसाला आणि धान्य अशी पाच मार्केटं, आणि गाळ्यांच्या वर व्यापाऱ्यांची ऑफिसं. टॅली, बिलिंग, ई-वे बिल, वसुलीच्या याद्या. या जागा पोर्टलवर जवळजवळ येतच नाहीत, तोंडी भरल्या जातात. दुपारी तीननंतर, सकाळची धांदल ओसरल्यावर, पाच बायोडेटा घेऊन चक्कर मारा. शेठ समोरासमोर विचारतो, ‘जीएसटी समजतं? उद्यापासून येणार?’ तोच इंटरव्ह्यू.

आता माझ्या आवडीचं. न्हावा शेवा बंदर १९८९ साली सुरू झालं. कंटेनर तिकडे, पण त्यांचे कागद हलतात वाशी, नेरुळ आणि बेलापूरच्या ऑफिसांतून. कस्टममधून माल सोडवणारे कस्टम हाउस एजंट, मालाची वाहतूक ठरवून देणारे फ्रेट फॉरवर्डर, जहाज कंपन्या म्हणजे शिपिंग लाइन. ‘डॉक्युमेंटेशन एक्झिक्युटिव्ह’ या नावाने जागा निघतात आणि कुठलाही पदवीधर चालतो. बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती), शिपिंग बिल (निर्यातीचा कस्टमचा कागद), बिल ऑफ एंट्री (आयातीचा) हे तीन शब्द पाठ करून नको, समजून जा. कंटेनरचा नंबर म्हणजे चार अक्षरं आणि सात आकडे. त्यातला शेवटचा आकडा आधीच्या सगळ्यांवरून हिशेबाने येतो, म्हणजे एक अक्षर चुकलं तरी सिस्टिम पकडते. हे एका मुलीने इंटरव्ह्यूत सांगितलं आणि साहेब जागेवर ‘कधी येतेस’ म्हणाले. कॉल सेंटरपेक्षा या धंद्यात मी पोरं जास्त वर गेलेली पाहिलीत. पण हे नावच कुणाच्या कानावर नसतं. बीकॉमच्या वर्गात सगळ्यांना बँक हवी असते.

बाकीचं थोडक्यात. वागळे इस्टेटमध्ये छोट्या इंजिनिअरिंग कंपन्या, प्रिंटिंग, औषध कंपन्यांची ऑफिसं. रोड नंबर १६ आणि २२ वर चालत फिरा, गेटवर बोर्ड लागलेले असतात. घोडबंदरला टीसीएससारख्या मोठ्या कंपन्या (त्यांची वाट एनक्यूटी परीक्षेतून जाते), हॉस्पिटलं, शोरूम. भिवंडीला गोदामं, तिथे इन्व्हेंटरी (मालाचा साठा मोजणं) आणि एमआयएसला (आकड्यांचे रिपोर्ट) मुलं लागतात, पण घरी परतायचं काय ते बघून हो म्हणा.

‘किमान सहा महिन्यांचा अनुभव’

फ्रेशरची जागा आणि खाली ‘सहा महिन्यांचा अनुभव’. असल्या जाहिराती मी स्वतः टाइप केल्यात, त्यामुळे कारणही सांगते. नुसतं ‘फ्रेशर’ लिहिलं की दोन दिवसांत इनबॉक्स तुंबतो आणि वाचायला मी एकटी. सहा महिने लिहिले की गर्दी कमी होते. दुसरं म्हणजे, हा माणूस सकाळी उठून रोज कामावर येतो की नाही हे दुसऱ्या कुणीतरी तपासून दिलेलं असतं. तो अनुभव त्याच कामाचा हवा असं फार कमी वेळा असतं. पण तो कागदावर हवा.

हा ‘कागदावर’ शब्द मी ठेच खाऊन शिकले. २०११ साली बीए झाले, इतिहास घेऊन. नौपाड्यातल्या एका दुकानवजा ऑफिसात लागले. बिलं करायची, फोन घ्यायचे, चेक भरायला जायचं. सात महिने केलं. पगार पाकिटात रोख. शेठ माणूस म्हणून वाईट नव्हता, दिवाळीला मिठाईचा डबाही दिला. पुढे एका मोठ्या कंपनीत इंटरव्ह्यूला गेले तेव्हा समोरच्या बाईंनी विचारलं, ‘अपॉइंटमेंट लेटर? सॅलरी स्लिप? बँक स्टेटमेंट?’ माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. त्यांनी फॉर्मवर माझ्या सात महिन्यांसमोर शून्य लिहिलं. पेन निळं होतं, इतकं ते शून्य मला आठवतं.

तेव्हापासून मी प्रत्येकाला हेच सांगते: पहिली नोकरी कागदासाठी करा. पगार हजार-दोन हजार कमी असला तरी चालेल, पण नेमणूक पत्र, बँकेत जमा होणारा पगार आणि त्याची स्लिप, पीएफचा यूएएन नंबर, आणि सोडताना रिलिव्हिंग लेटर, या चार गोष्टी जिथे मिळतात तिथे जा. एपीएमसीतल्या शेठलाही हे सांगता येतं. ‘शेठ, पगार खात्यात टाका आणि लेटरहेडवर दोन ओळी द्या’ म्हटलं की बरेच जण देतात, कारण कुणी मागितलेलंच नसतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, त्यात तर प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र देणं बंधनकारक आहे. तुम्ही मेहरबानी मागत नाही आहात.

आणि हे कागद मिळवायचा एक सरळ रस्ता आहे, ज्याकडे पदवीधर नाक मुरडतात. अप्रेंटिसशिप. लोकांना वाटतं ती फक्त आयटीआयवाल्यांची. १९६१ चा अप्रेंटिस कायदा आहे, आणि त्याखालच्या नियमांप्रमाणे तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. म्हणजे तुम्ही तिथे जाता तेव्हा कंपनीलाही तुमची गरज असते. पदवीधरांसाठीच्या योजनेला नॅट्स म्हणतात, पोर्टलवर स्वतः नोंदणी करायची, आपल्या भागाचं मंडळ शीवला आहे. २०१९ च्या नियमांत पदवीधराला महिना किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरलं होतं. १२-१५ हजार देणाऱ्या कंपन्या मी पाहिल्यात. यात पीएफ कापला जात नाही, कारण कायद्याने तुम्ही कामगार नसून शिकाऊ असता. पण वर्षाच्या शेवटी सरकारी प्रमाणपत्र मिळतं आणि ते अनुभव म्हणून धरलं जातं.

भाच्याला महाप्याच्या एका कंपनीतून अशी ऑफर आली. अकाउंट्स पेएबल (कंपनीला आलेली बिलं चुकती करायचं काम), एक वर्ष, महिना १३,५०० रुपये. भाऊजी म्हणाले, ‘बीकॉम होऊन शिकाऊ? लोकांना काय सांगू?’ ताई काही बोलली नाही, पोळ्या लाटत राहिली. मी म्हटलं, ‘भाऊजी, लोकांना अकाउंट्समध्ये लागला म्हणून सांगा. खोटं नाही ते.’

राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही आहे, २०२४ मध्ये सुरू झालेली. तेव्हा पदवीधराला महिना १०,००० आणि मुदत सहा महिने ठरली होती, नोंदणी सरकारच्या ‘महास्वयं’ पोर्टलवर. जागा बऱ्याचशा सरकारी कार्यालयांतल्या. कागद मिळतो, पण ‘पुढे इथेच कायम करतील’ ही आशा धरून जाऊ नका. प्रशिक्षण चालू असतानाच बाहेर शोधत राहा.

एक्सेलची पंधरा मिनिटं

बॅक ऑफिसच्या दहातल्या आठ इंटरव्ह्यूत तुम्हाला एका कॉम्प्युटरसमोर बसवतात आणि एक शीट देतात. सर्टिफिकेट कुणी बघत नाही. एमएस-सीआयटी सरकारी नोकरीसाठी ठेवा, इथे ‘करून दाखव’ असतं. शीटही बहुधा सारखीच: पहिल्या पानावर दोनशे बिलं, ग्राहकाचं नाव आणि रक्कम. दुसऱ्या पानावर ग्राहक आणि शहर. शहर पहिल्या पानावर आणा, डुप्लिकेट काढा, शहराप्रमाणे बेरीज दाखवा. व्हीलूकअप, रिमूव्ह डुप्लिकेट्स, पिव्होट टेबल. संपलं.

हे भाच्याला येत होतं. यूट्यूबवर शिकला होता. ताईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी त्याला ऑफिसातली जुनी शीट दिली, नावं बदलून. त्याने फॉर्म्युला लिहिला, खाली ओढला, आणि निम्म्या ओळींत एन/ए, म्हणजे ‘सापडलं नाही’. फॉर्म्युला पुसला, पुन्हा लिहिला. पुन्हा एन/ए. चौथ्यांदा लिहिताना त्याचे कान लाल झाले. मी म्हटलं, ‘फॉर्म्युला बरोबर आहे तुझा. त्या नावावर डबल-क्लिक कर आणि एंडचं बटण दाब.’ कर्सर नावाच्या शेवटच्या अक्षराला चिकटून थांबायला हवा होता. तो एका अक्षराची जागा सोडून पुढे थांबला. नावानंतर एक स्पेस होती. डोळ्याला दिसत नाही, पण एक्सेलला दोन नावं वेगळी वाटतात. जास्तीच्या स्पेस काढणारं ट्रिम लावलं, सगळी शहरं धडाधड आली. ती स्पेस परीक्षेच्या शीटमध्ये मुद्दाम ठेवलेली असते. तशीच दुसरी खोडी म्हणजे आकडे टेक्स्ट म्हणून साठवलेले असतात. आकड्याच्या चौकटीच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसतो आणि बेरीज शून्य येते. तो त्रिकोण निवडून ‘कन्व्हर्ट टू नंबर’ करायचं. या दोन खोड्या ज्याला माहीत आहेत त्याने रोज काम केलंय असं समोरचा धरून चालतो.

घरी लॅपटॉप नसेल तर सायबर कॅफेत, मित्राकडे, कुठेही, पण पंधरा दिवस रोज एक तास की-बोर्डवर बसा. मोबाइलवरचं एक्सेल इथे उपयोगाचं नाही.

इंग्रजीबद्दल सगळे विचारतात. व्हॉइस प्रोसेस सोडली तर साधं, चुकत-माकत इंग्रजी चालतं. स्वतःबद्दलची चारच वाक्यं पक्की ठेवा: कुठे राहतो, काय शिकलो, काय येतं, कधी जॉइन होऊ शकतो. सुरुवात ‘मायसेल्फ’ने नको. तिथून पुढचं वाक्य कुणालाच जमत नाही, मी बारा वर्षं ऐकतेय.

दोन लाख चाळीसचे किती?

ऑफर लेटरवर वर्षाचे २,४०,००० दिसतात आणि पोरं मनात महिना २०,००० धरून मोबाइलचा हप्ता, पास आणि आईला साडी असा हिशेब करून मोकळी होतात. हा आकडा सीटीसीचा, म्हणजे कंपनीला तुम्ही कितीला पडता त्याचा. बेसिक १०,००० धरून भाच्याच्या वहीत मी हिशेब मांडून दिला होता, तसाच इथे देते. वीस हजारांतून कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,२०० गेला. ग्रॅच्युइटीचे साधारण ४८० गेले. ईएसआयसी म्हणजे कामगार विमा, त्यातला कंपनीचा वाटा, ३.२५ टक्के, सुमारे ५७७. राहिले १७,७४० च्या आसपास. आता तुमच्या वाट्याचं: पीएफ पुन्हा १,२००, ईएसआयसी पाऊण टक्का म्हणजे १३४, व्यवसाय कर २००. हातात येतात सुमारे १६,२००. फेब्रुवारीत शंभर आणखी कमी, कारण त्या महिन्यात व्यवसाय कर ३०० असतो. मुलींचे हे दोनशे वाचतात. महाराष्ट्रात महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या बायकांना तो कर नाही.

यात ‘व्हेरिएबल’ किंवा ‘परफॉर्मन्स बोनस’ अशी ओळ असेल तर हातातली रक्कम आणखी उतरते. म्हणून फोनवर सरळ विचारा, ‘मॅडम, इन-हँड किती?’ मला राग येत नाही. न विचारता जॉइन होऊन पहिल्या पगारानंतर गायब होणाऱ्यांचा येतो. आणखी एक प्रश्न: ‘पेरोल कुणाचा?’ गळ्यात ओळखपत्र मोठ्या कंपनीचं आणि पगार तिसऱ्याच एजन्सीकडून, असं पुष्कळ ठिकाणी असतं. पीएफ कापला जात असेल तर पहिल्या नोकरीला ते चालतं. फक्त पुढच्या बायोडेटात दोन्ही नावं लिहा, नाहीतर पडताळणीत अडकाल.

पैसे मागितले की उठा

आमचा धंदा कसा चालतो ते उघडच सांगते. मुलगा जॉइन झाला की कंपनी आम्हाला फी देते. रूढ दर वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार. मुलगा नव्वद दिवसांच्या आत पळाला तर आम्हाला फुकटात दुसरा द्यावा लागतो. म्हणून तर आम्ही ‘जॉइन झालास ना? बरं चाललंय ना?’ असे प्रेमळ फोन करतो. सांगायचा मुद्दा, आमचे पैसे कंपनीकडून येतात. रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग किट, लॅपटॉपचं डिपॉझिट, युनिफॉर्म, कुठल्याही नावाने जो तुमच्याकडे मागतो त्याच्याकडे नोकरी नाही.

हे सांगणारी मी, २०११ साली स्वतः १,२०० रुपये देऊन आले होते. वाशीला एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ऑफिस, काचेचं दार, एसी. आईने भिशीतून काढून दिलेले पैसे. त्यांनी चिठ्ठी देऊन तुर्भ्याच्या एका कंपनीत पाठवलं, तिथला वॉचमन म्हणाला, ‘आज तुम्ही चौथ्या.’

आता तेच मोबाइलवर होतं. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली, आणि ‘ग्राउंड स्टाफ, दहावी पास, पगार ३५,०००, गेट पासचे २,५००’ असले मेसेज पोरं मला फॉरवर्ड करायला लागली. दुसरा प्रकार घरबसल्या डेटा एन्ट्रीचा: आधी ऑनलाइन करार करून घेतात, मग ‘चुका जास्त झाल्या, दंड भरा नाहीतर कोर्ट’ म्हणून वकिलाच्या नावाने धमक्या. घाबरून भरू नका. पैसे गेलेच असतील तर लाजत बसण्याआधी १९३० ला फोन करा, जितका लवकर तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. मूळ मार्कशीटही कुणाकडे ठेवायची नाही. दाखवायची, झेरॉक्स द्यायची, परत घ्यायची.

केव्हा

निकाल लागले की जुलै-ऑगस्टमध्ये सगळे एकदम उतरतात, तेव्हा गर्दी सगळ्यात जास्त. दिवाळीचा बोनस खात्यात पडला की राजीनामे पडतात. नोव्हेंबरात माझ्याकडे जागा भरपूर आणि उचलणारे फोन कमी, कारण तोवर पोरं थकून झोपलेली असतात. तसंच एप्रिलमध्ये, पगारवाढीची पत्रं मिळाल्यावर. या दोन वेळा चुकवू नका. वॉक-इन, म्हणजे थेट जाऊन द्यायचा इंटरव्ह्यू, असेल तर मंगळवार-बुधवार, सकाळी अकराच्या आत. सोमवारी साहेब मीटिंगमध्ये असतो आणि शुक्रवारी त्याचं लक्ष घड्याळात.

जॉइन झाल्यावर

नेमणूक पत्राचा फोटो काढून स्वतःलाच मेल करा. ऑफिसच्या मेलवर नको, ती नोकरी सुटली की बंद होते. दर महिन्याची सॅलरी स्लिप डाउनलोड करा, कंपनीच्या पोर्टलवर ‘नंतर बघू’ म्हणून ठेवू नका. सोडायचं ठरलं तर लेखी राजीनामा, नोटीस पिरियड पूर्ण, आणि रिलिव्हिंग लेटर हातात येईपर्यंत एचआरच्या मागे लागणं. पगार झाला आणि पोरगं दुसऱ्या दिवसापासून गायब, असं केलं की ते सहा महिने पुन्हा शून्य.

पीएफ असेल तर तिसऱ्या महिन्यात यूएएन चालू करून पासबुक उघडा. स्लिपवर कापलेली रक्कम आणि कंपनीचा वाटा, दोन्ही महिनावार दिसायला हवेत. स्लिपवर कपात आहे आणि पासबुक रिकामं आहे, असं मी तीन-चार वेळा पाहिलंय. आधी एचआरला मेल करा, तोंडी नको. पंधरा दिवसांत हललं नाही तर ठाण्याचं पीएफ ऑफिस वागळे इस्टेटमध्येच आहे. जाताना सगळ्या स्लिपा सोबत न्या.